अकरा दिवस ढगाळ

टक्... टक्... कपड्यांच्या मशीनमध्ये कुठलंसं बटण सुटून काचेवर आपटत होतं, आणि इतका वेळ गच्च बसलेली घरातली शांतता त्या एवढ्याशा आवाजानं तडकली. ती उठली नाही. मांडीवर लॅपटॉप, त्यावर मैत्रिणीचा नुकताच छापून आलेला शोधनिबंध, आणि त्यात ध्रुवावरच्या बर्फाच्या उंचीचा आलेख — मधोमध तुटलेला. अकरा दिवस कोरे. खाली बारीक अक्षरांत खुलासा : दाट ढगांमुळे हे दिवस वगळले आहेत.

ढग? कुठले ढग? त्या अकरा दिवसांत ती दवाखान्यात होती. कळा आधीच सुरू झाल्या, उपग्रहाचे तेवढ्या दिवसांचे आकडे तपासायचे राहिले ते राहिलेच, तिच्या फायलीत ती जागा कोरी राहिली, आणि पुढे दुपट्यांच्या ढिगाऱ्यात ती ते साफ विसरून गेली. तिची चूक, तिच्या एकटीची... जन्मखूण असावी तशी.

युक्तीही तिचीच. उपग्रह लेसरचा प्रकाश खाली सोडतो, तो बर्फावरून परतायला लागलेल्या वेळावरून उंची कळते; पण मध्ये विरळ ढग आला की थोडा प्रकाश तिथं रेंगाळतो, उशिरा पोचतो, आणि न खचलेला बर्फ खचल्यासारखा दिसतो. तो रेंगाळलेला प्रकाश ओळखून बाजूला कसा काढायचा, हे तिला सुचलं सातव्या महिन्यात, सुजलेले पाय खुर्चीवर टाकून बसलेली असताना. ‘तू बाळाकडे बघ, तुझ्या फायली मी सांभाळते,’ मैत्रीण म्हणाली होती. सांभाळल्याच की! नाव तेवढं स्वतःचं घातलं.

मघाशी फोन केला, तर बाई हसली.

‘अगं, तीन वर्षं पडून होतं ते. तुला कुठे होता वेळ?’

‘आणि ते अकरा दिवस?’

‘ढग असतील गं. बरं, संध्याकाळी येतेच आहे, पिल्लूला सांग.’

ढग असतील! प्रसूतिगृहाबाहेर बाकावर ताटकळत बसलेली हीच, पिल्लूला माझ्याही आधी हातात घेतलेली हीच — आणि म्हणते, ढग असतील.

मूळ आकडे तिनं उघडून पाहिले होते. अकराही दिवस आकाश लख्ख. संस्थेतल्या साहेबांना मेलमध्ये तेवढी एक ओळ पुरे होती; ती लिहूनही झाली होती. ‘पाठवा’वरचं बोट मात्र खाली जाईना. दर शनिवारी येणारी, तापात पिल्लूला खांद्यावर घेऊन येरझारा घालणारी ती बाई... त्यातली पिल्लूसाठी किती आणि फायलींसाठी किती? की दोन्ही खरंच?... हा दुसरा विचार पहिल्याहून जास्त झोंबला.

टेबलाखालून पिल्लू रांगत बाहेर आली, गुडघ्याला बिलगली, वर बघत राहिली.

‘आई, तुझी मावशीशी कट्टी झाली?’

तिनं लॅपटॉप अर्धवट मिटला.

‘मग मीपण करायची का?’