बटणावरचा अंगठा

पंच्याऐंशी सालच्या नारळी पौर्णिमेला मिरकरवाडा बंदरावरच्या मच्छीमारांच्या खोलीत वायरलेसचा संच आला, तेव्हा तुळसाने त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. आता दिवाळीच्या तोंडावर, भर दुपारी वादळ उठलं होतं आणि त्याच संचातून तिच्या नवऱ्याचा, भागोजीचा आवाज आला, "मशीन बंद पडलंय. लाँच खडपाच्या दगडांकडं वाहतेय..." पुढचं सगळं खरखरीत बुडालं.

संच सांभाळणारे आत्माराम मदतीसाठी फोन लावायला कस्टमच्या हापिसात धावले. जाता जाता तिच्या हातात माईक कोंबून म्हणाले, "वयनी, हे बटण दाबायचं नि बोलायचं. धीर द्या त्याला." दाबायचं तेवढं सांगितलं, सोडायचं सांगायला शहाणा माणूस विसरला.

तुळसाने अंगठा असा दाबला की नख पांढरं पडलं. "अवो, ऐकताय ना? कुटं आहात तुमी?"

उत्तर नाही. खरखरसुद्धा नाही. "सकाळी टाकून बोलले, मनात धरू नका. डबाबी नीट दिला नाय मी. अवो, एकदा ओ द्या!" संच गप्प. गेले, तिला वाटलं, गेलेच. तिने दुसराही अंगठा बटणावर ठेवला. हात सैल केला तर माणूस हातचा जाईल, असंच तिला वाटत होतं.

दहा मिनिटांनी आत्माराम भिजून परतले. संचावरचा लाल दिवा जळताना पाहून ते ओरडलेच, "सोडा ते बटण! सगळ्या लाँचींची बोलायची वाट एकच. तुमी दाबून धरलंय तोवर दर्यावरचं कुणी बोलू शकत नाय!"

तिला अंगठा उचलवेना. आत्मारामांनीच तो ओढून काढला.

लगेच आवाज फुटला. शेजारच्या लाँचीवरचा शिवा ओरडत होता, "भागोजी, कुटं हाईस? सांग!"

"मिऱ्याच्या खडपासमोर! पाणी शिरलंय!"

"नांगर टाक. निघालो!"

तुळसा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. ती दहा मिनिटं आपण खाल्ली, आपल्याच हाताने, हे आता तिला कळलं होतं आणि त्या भीतीपुढे मघाची भीती काहीच नव्हती. माईक समोर पडला होता. त्याला हात न लावणं तिला जड जात होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग शिवा म्हणाला, "दोर लागला. ओढून आणतो."

आणि पाठोपाठ धापा टाकत भागोजी, "तुळसा, सगळं ऐकलं गो. तू सोडत नव्हतीस, मी बोलू कसा? आता बोल."

आत्मारामांनी माईक पुढे केला. तिने बटण दाबलं. नुसता हुंदका गेला. मग घाबरून तिने चटकन अंगठा उचलला, त्याला बोलता यावं म्हणून.