भोपळ्याविना तंबोरा

मी एक जुना तंबोरा आहे. पण मित्रांनो, मला ना भोपळा आहे, ना तारा. मी संगणकात राहतो. कळ दाबली की अखंड सूर धरतो. देवाच्या दारी सूर धरून बसायचं, यापरतं भाग्य कोणतं?

मला भोरच्या श्रीपाददादांनी घडवलं आणि एका मोठ्या मुक्त भांडारात ठेवलं. जगभरचे स्वयंसेवक तिथे आपापली पॅकेजं ठेवतात. पॅकेज म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका गाठोड्यात बांधलेलं. कोणीही फुकट न्यावं. मात्र प्रत्येक गाठोड्याला सांभाळणारा लागतो. भांडाराची नवी आवृत्ती आली की त्याने ते सोडून पुन्हा नीट बांधायचं.

राजगडाखालच्या गुंजवण्यात सगुणाबाई कीर्तन करतात. त्यांचा तंबोरा धरणारे गेनबा थकले, तेव्हापासून देवळातल्या संगणकातून मीच त्यांना सूर देऊ लागलो. काय ते निरूपण! ऐकता ऐकता मी यंत्र आहे हेच विसरून जायचो.

पुढे दादांची नोकरी वाढली. त्यांनी भांडारात मोकळेपणाने लिहिलं, "मला आता जमत नाही. कोणी सांभाळेल का?" कोणीच पुढे आलं नाही. नव्या आवृत्तीत माझं गाठोडं बांधलंच जाईना. सूचना लागली : दुरुस्ती न झाल्यास वगळू.

सप्ताह तोंडावर आला होता. देवळात नवा संगणक आला, त्यावर भांडाराची चाचणीसाठी काढलेली नवी आवृत्ती बसवली, आणि मला तिच्यातून वगळलेलं होतं!

"सुलू, तंबुरा मुका झाला व्हय गं?" सगुणाबाईंनी देवळातला संगणक चालवणाऱ्या सुनेला, सुलक्षणाला विचारलं.

"आत्या, त्याला सांभाळनारं कुनी ऱ्हायलं न्हाई."

"मंग तू हायेस की! टाळकरी दमला की मागचा टाळ घेतो. अभंग थांबतो व्हय कुठं?"

सुलक्षणाने दादांना फोन केला. "ताई, या की! शेजारी बसून दाखवतो," दादा म्हणाले, आणि तसंच केलं. दोघांनी माझं मोडकं सामान बदलून मला बांधलं, भांडारात पाठवलं. तपासणाऱ्या परदेशी स्वयंसेवकाने मला परत धाडलं! सोबत प्रश्न : "हा सुरू होताच काळी चारचीच पट्टी का लावतो? सगळ्या जगाने एकाच पट्टीत गायचं का?"

सुलक्षणाने जीभ चावली. सवयीने तिनेच बसवलेली ती पट्टी सासूबाईंची होती.

"आता गं बया!" सगुणाबाई पोट धरून हसल्या. "साऱ्या जगाला माज्या गळ्यात गायला लावलंस!"

चूक सुधारली. ज्याची पट्टी त्याने निवडावी अशी सोय झाली, आणि भांडाराचं उत्तर आलं : स्वीकारलं!

सप्ताहात सगुणाबाई उभ्या राहिल्या. सुलक्षणाने कळ दाबली. मी सूर धरला, "जय जय रामकृष्ण हरी" उठलं आणि सारं देऊळ माझ्या सुरात भरून गेलं. मागे टाळकऱ्यांत भोरहून आलेले श्रीपाददादा होते. शेवटी सगुणाबाईंना हार घातला, तो त्यांनी काढून सुनेच्या गळ्यात घातला. "ही माजी टाळकरीन!"

मित्रांनो, आज माझ्या गाठोड्यावर दोन नावं आहेत : श्रीपाद आणि सुलक्षणा. तुम्हाला फुकट मिळणाऱ्या प्रत्येक वस्तूमागे असं कोणीतरी उभं असतं. त्यांची आठवण ठेवा, आणि जमेल तेव्हा टाळ हाती घ्या. त्या दोन नावांखालची जागा मोकळीच आहे.