साक्षीदार क्रमांक चार

रीतानं कॅप्चाची वेडीवाकडी अक्षरं पुन्हा एकदा टाइप केली आणि श्वास रोखून एंटर दाबलं. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. ग्रंथालयातल्या त्या एकाच संगणकाला नेट होतं, आणि तेही मनात येईल तेव्हा.

"नाही उघडत ना?" शेजारच्या खुर्चीवरून निता म्हणाली. "माझ्या मोबाइलचं लाव."

"थांब, आलं."

यादी उघडली. फौजदारी खटले, कलम ४३५, आग लावून नुकसान करणं. एकाखाली एक निकालांच्या ओळी. रीतानं पेन दातांत धरलं आणि पहिली फाइल उतरवून घेतली.

हा उद्योग गोटे मॅडमनी मागं लावून दिला होता. वाशीमच्या विधी महाविद्यालयात शेवटच्या वर्षासाठी लघुप्रबंध लिहायचा होता आणि रीतानं विषय निवडला होता फितूर साक्षीदारांचा. सरकारी बाजूनं बोलावलेला माणूस न्यायालयात उभा राहतो आणि पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबाच्या उलटं बोलतो. त्याला फितूर म्हणतात. महिनाभर तिनं लाल बांधणीचे जाडजूड ग्रंथ उपसले, विधी आयोगाचे अहवाल उतरवून घेतले, दुसऱ्यांचे प्रबंध चाळले आणि पहिलं प्रकरण मोठ्या उमेदीनं लिहून नेलं. 'साक्षीदार एकतर पैशाला भुलतो, नाहीतर भीतीला बळी पडतो,' हे त्यातलं वाक्य तिला स्वतःलाच फार आवडलं होतं. मॅडमनी सगळं वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मेहनत दिसते. पण हे सारं दिल्ली-मुंबईचं आहे. यात वाशीम कुठं आहे?"

"मॅडम, आपल्याकडचं पुस्तकांत सापडतच नाही."

"नाहीच सापडणार. खालच्या कोर्टांचे निकाल संकेतस्थळावर टाकलेले असतात, ते कोणी उघडूनही पाहत नाही. ते वाच. बरेचसे मराठीतच असतात. दुसऱ्यानं चघळून ठेवलेलं किती दिवस खाशील?"

तेव्हापासून रीता हे निकाल वाचत होती. पानं स्कॅन केलेली असल्यामुळं शब्द टाकून शोधण्याची सोय नव्हती. डोळ्यांनीच चाळावं लागे. पण तांदळातला खडा वेचावा तसा तिचा डोळा आता सरावला होता. 'फितूर' दिसलं की तो परिच्छेद टिपून घ्यायचा, फाइल मिटायची, पुढची उघडायची. सोमवारी मॅडमना आकडे दाखवायचे होते आणि ते आता जमत आले होते.

पुढची फाइल सोयाबीनची सुडी, कापून रचलेला ढीग, जाळल्याची होती. फिर्यादी जानराव. रीताची बोटं जरा थबकली. तिच्या तांड्याच्या वाटेवर एका जानरावचं वावर होतं. पण जानराव काय, गावोगाव असतात. ती खाली सरकत गेली.

'साक्षीदार क्रमांक ४, धनीबाई धनराज आडे, व्यवसाय मजुरी.' त्यापुढं तांड्याचं नाव होतं. आणि त्याखाली: 'ही साक्षीदार फितूर झाली असून तिने सरकार पक्षास पाठिंबा दिलेला नाही.'

रीतानं फाइल मिटली. माउसवरचा हात मात्र तिथंच राहिला.

"सापडला का?" नितानं विचारलं.

"नाही. भलताच निघाला."

"बघू."

"अगं त्यात काही नाही," रीता म्हणाली, आणि आवाज चढला हे तिच्या तिलाच कळलं. नितानं तिच्याकडं पाहिलं आणि आपल्या वहीत डोकं घातलं.

त्या रात्री होस्टेलवर रीताला स्वतःचंच वाक्य आठवत राहिलं. पैसा, नाहीतर भीती. धनीबाई म्हणजे तिची याडी, तिची आई. पावशेर शेंगा जास्त आल्या तर दुकानदाराकडं परत नेऊन देणारी बाई. ती खोटं का बोलली असेल? निकालाच्या साली रीता आश्रमशाळेत होती, घरी फक्त सुट्टीत यायची. त्या वर्षीच्या दिवाळीला घरावर गवताच्या जागी टिनं आलेली तिला स्पष्ट आठवत होती. टिनावर उभं राहून ती किती नाचली होती! आता तेच टिन तिच्या छातीवर ठेवल्यासारखं झालं.

निकाल वगळता आला असता. कोणाला कळलं असतं? पण शनिवारी सकाळी तिनं तो मोबाइलमध्ये घेतला आणि एसटी पकडली. शेलूबाजारला उतरून ती जीपमध्ये बसली. मांडीवर कोणाच्या तरी हरभऱ्याच्या पेंढ्या, पायांशी कोंबडी. तांड्याच्या अलीकडं जानरावचं वावर आलं तशी तिनं मान दुसरीकडं वळवली. लहानपणी याडी हे एवढं जवळचं वावर सोडून पार नदीपलीकडं कामाला जायची, हेही तिला तेव्हाच आठवलं.

धनीबाई अंगणात तूर पाखडत होती. धनराज उसतोडीला गेलेला, त्यामुळं घरात ती एकटीच. लेक अवचित दारात पाहून तिला आनंद झाला, पण लेकीचा चेहरा पाहून तो तिनं आवरता घेतला.

"बरी हायेस न वं? खाल्लं का काही?"

"खाल्लं." रीता ओट्यावर टेकली. बॅग तशीच खांद्याला. "याडी, तू कोर्टात गेलती का कधी?"

सूप थांबलं नाही.

"कोनं सांगतलं तुले?"

"कोनं नाही. मले इंटरनेटवर दिसलं."

"इंटरनेटवर?" आता मात्र धनीबाईनं सूप खाली ठेवलं. "माह्यं नाव?"

"तुह्यं नाव, बाचं नाव, तांड्याचं नाव. फितूर झाली म्हनून लिहून आहे."

"हाव. तसं तवाच म्हनले होते ते." धनीबाईनं हातावरची फोलपटं झटकली. तिच्या आवाजात ना शरम होती, ना राग. तेच रीताला सोसवेना.

"काहून फिरवला जबाब? कोनी पैसे देल्ले का तुमाले? त्याच वर्षी टिनं आलती घरावर."

धनीबाई लेकीकडं पाहतच राहिली. मग तिनं छपराकडं पाहिलं आणि तिला हसू फुटलं.

"टिनं? अवं, तुह्या मामानं घरावर सिमेटाचं छत टाकलं, त्याची जुनी टिनं होती ते. पाह्य न वर, चायनी झाली त्याची. पावसात कुठं कुठं गंज ठेवतो आपन, तुले मालूम नाही?"

रीतानं वर पाहिलं. खरंच, पहिल्याच पावसाळ्यापासून घरभर भांडी मांडून ठेवावी लागत. हे कसं विसरली ती?

"आन् फिरवलं म्हनशीन," धनीबाई म्हणाली, "त मी काहीच फिरवलं नाही. जानरावची सुडी पेटली तवा मी सरपन घेऊन येत होती. दिवस बुडून राह्यला होता. उकंडरावचा भाचा होता न, प्रसेनजित, धनजहून मामाकडं कामाले आलता. जानरावचं आन् उकंडरावचं वावराच्या धुऱ्यावरून भांडन. तो पोरगा मले दिसला. पळत होता."

"मंग?"

"मंग जमादार आला दुसऱ्या दिवशी. त्यानं इचारलं, पोरगा पळत होता का? मी म्हनलं, हाव साहेब, पळत होता. त्यानं लिहून घेतलं."

"वाचून दाखवलं नाही तुले?"

"आमाले कोन वाचून दाखवते?" धनीबाईनं सुपातला एक खडा वेचून दूर फेकला. "कोर्टात सरकारी वकिलानं वाचलं, का तो आगीपासून पळून जात होता. मी म्हनलं, नाही साहेब, आगीकडं पळत होता. अंगातला शर्ट काढून हातात घेतलता त्यानं, इझवाले. वकील चिडला. म्हने, तू तसं सांगतलं होतं. मी म्हनलं, लिहिनाऱ्यानं लिहिलं असन, मी नाही सांगतलं. कोनीकडं पळत होता हे मले कोनी इचारलंच नव्हतं. मंग ते म्हनले, ही फितूर आहे."

रीतानं खांद्यावरची बॅग काढून खाली ठेवली. ती खाली ठेवताना आपण केव्हापासून खांदे आवळून बसलो होतो ते तिला जाणवलं. पैसा नाही, भीती नाही. पळणारा माणूस कोणत्या दिशेला पळत होता, एवढीच तर गोष्ट होती. ग्रंथालयात आपण वाचलेल्या बाकीच्या फाइलीही त्याच शब्दाशी येऊन मिटल्या होत्या, असा एक विचार तिच्या मनात डोकावून गेला.

"जानरावनं मंग वावरात बोलावनं बंद केलं," धनीबाई सांगत होती. "त्याचं बी काय चुकलं? सुडी त जळली होती न त्याची. मी नदीपल्याड जाऊ लागली. त्याचं काही नाही."

तिनं सूप पुन्हा हातात घेतलं, पण पाखडलं नाही.

"तुले त्या मोबाइलमधी सारं दिसते का?"

"कोर्टाचं दिसते. काहून?"

"पोराले किती वर्षं टाकलं, ते असन का त्यात?"

"कोन्या पोराले?"

"प्रसेनजितले." धनीबाईची नजर सुपातच होती. "मी बाहेर निंगली तं शिपाई म्हने, बाई, तू फितूर झाली, आता तुह्या बोलन्याले काही किंमत नाही, जाय घरी. मले पुन्हा कोनी बलावलं नाही. जानराव सांगत फिरे, सडन म्हने आता आतमधी. उकंडराव वावर इकून निंगून गेला. मी इचारू कोनाले? त्याची माय असन कुठीसी. पहिले त माह्याच तोंडातून निंगलं होतं न वं, पळत होता म्हनून."

रीता तिच्याकडं पाहत राहिली. इतकी वर्षं ही बाई हे घेऊन रोज नदीपलीकडं जात होती आणि येत होती. आणि आपण? आपण तर ती फाइल पुरती वाचलीसुद्धा नव्हती.

तिनं मोबाइल काढला. फाइल उघडली, त्या ओळीपाशी आली आणि पहिल्यांदाच तिच्या खाली गेली. निकाल काहीही असू शकत होता.

'साक्षीदार क्रमांक ४ ही फितूर घोषित झाली असली, तरी केवळ त्या कारणाने तिची संपूर्ण साक्ष बाद ठरत नाही.' हे तत्त्व रीतानं लाल बांधणीच्या ग्रंथातून उतरवून तळटीपेत टाकलं होतं; टाकताना त्याचा अर्थ तिला कळला होता, पण वजन कळलं नव्हतं. 'आरोपी आगीच्या दिशेने, आग विझवण्याच्या हेतूने धावत होता, हे तिचे कथन उलटतपासातही डळमळलेले नाही. ते विश्वासार्ह वाटते.' मग आणखी एक पान. शिक्का. सही. आणि सहीच्या वर आदेश.

"याडी," रीता म्हणाली. "आयक. आरोपी प्रसेनजित यास निर्दोष मुक्त करण्यात येत आहे."

"म्हंजे?"

"सोडलं त्याले. एक दिवसाचीबी शिक्षा नाही. तुह्या बोलन्यावरून सोडलं."

"माह्या बोलन्याले त किंमत नव्हती म्हने."

"शिपाई म्हने तसं. जजनं नाही म्हनलं. जजनं लिहिलं, ही बाई खरं बोलून राह्यली."

धनीबाईनं सूप हळूच जमिनीवर टेकवलं आणि त्यातली तूर तळव्यानं सारखी करत बसली, जणू तेवढंच काम उरलं होतं.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

रीतानं पुन्हा वाचलं. या वेळी कोर्टाची भाषा बाजूला ठेवून, घरात बोलतात तसं, सावकाश. शर्टाची गोष्ट निकालात होती. तीही वाचली. शर्टाचं ऐकल्यावर धनीबाईनं पदराचं टोक तोंडावर धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. तिचे खांदे हलत होते. रीताला वाटलं, ती रडते आहे. पण पदर बाजूला झाला तेव्हा चेहरा कोरडाच होता आणि नुकतीच झोपेतून उठल्यासारखा दिसत होता, सैल आणि तरुण.

मग ती गुडघ्यावर हात देऊन उठली. अंगणाच्या कडेला तुराट्यांचं कूड होतं, त्याच्यापाशी गेली आणि टाचा उंचावून पलीकडं पाहू लागली.

"रुपाबाई, वं रुपाबाई!"

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला.

"काय झालं वं?"

"तो पोरगा सुटला!"

"कोनता पोरगा?"

"आगीचा. उकंडरावचा भाचा."

"हाव का, माय!" राखेचे हात तसेच धरून रुपाबाई कुडाजवळ आली. तिच्याही चेहऱ्यावर आपोआप हसू आलं होतं. "कवा सुटला?"

धनीबाईनं वळून लेकीकडं पाहिलं. रीता काही सांगणार, तोच ती पुन्हा कुडाकडं फिरली.

"आत्ताच," ती म्हणाली.