इन्कल्केटचा अर्थ

व्यंकटरावांनी जन्मभर लासूर स्टेशनच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. म्हातारपणी अर्धांगवायूनं त्यांचं उजवं अंग लुळं पडलं आणि वाचाही गेली. गारखेड्यातल्या फ्लॅटमध्ये ते दिवसभर खिडकीपाशी बसून राहायचे. घरच्यांनी रोज शब्द घोटून घ्यावेत, असं स्पीच थेरपिस्टनं सांगितलं होतं. कॉलेजातली नोकरी सांभाळून लेकीनं, मनस्विनीनं, ते अंगावर घेतलं.

"बाबा, म्हणा, पाणी."

ओठ हलायचे. घशातून नुसती घरघर यायची. दिवाळी गेली, उन्हाळा लागला, तरी पाणी काही जिभेवर येईना.

एका दुपारी तिला वाटलं, मराठी गेली असेल, पण ज्या इंग्रजीवर बाबांनी जीव टाकला ती कुठंतरी शिल्लक असेल. तीही त्यांच्याच वर्गात शिकलेली. शब्दाचं मूळ ते थेट लॅटिनपर्यंत उकरून दाखवायचे.

"बाबा, इन्कल्केट."

व्यंकटरावांची डावी टाच फरशीवर आपटली.

मनस्विनीनं स्वयंपाकघराकडे हाक मारली. "आई, लवकर ये."

यमुनाबाई कणकेचे हात घेऊन दारात आल्या.

"या शब्दात टाच आहे गं. लॅटिनमध्ये कॅल्क्स म्हणजे टाच. टाचेनं तुडवून आत दाबायचं, तसं पुन्हा पुन्हा सांगून मनात ठसवायचं. हे शिकवताना बाबा वर्गात अशीच टाच आपटायचे."

यमुनाबाई नवऱ्याच्या पायाकडे बघत राहिल्या.

"बाबा, परत एकदा. इन्कल्केट."

टाच आपटली.

"आता पाणी म्हणा."

टाच आपटली. खिडकी म्हटलं, तरी आपटली. ती गप्प झाली तरी आपटतच राहिली.

"परवापासून होतंय तसं," यमुनाबाई खाली बघत म्हणाल्या. "झोपेतसुद्धा पाय झटकतात. तुला सांगायचा धीर झाला नाही."

मनस्विनीनं जणू ऐकलंच नाही. तिनं बापाची हनुवटी घट्ट धरली. "पाणी. म्हणा ना. एवढा एकच शब्द. पाणी." तिचा आवाज चढत गेला. व्यंकटरावांचे डोळे भरून आले. त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला, पण तिची पकड सुटेना. शेवटी यमुनाबाईंनी कणकेच्या हातांनीच तिची बोटं सोडवली.

"पुरे, मनू. त्यांना त्रास होतोय."

त्या दिवसापासून तिनं बाबांना शब्द शिकवणं सोडलं. कॉलेजातून आली की आताही ती त्यांच्याजवळ बसते. पण तिनं खुर्ची ओढली की व्यंकटराव अंग चोरतात, आणि भेदरल्यासारखे ओठ हलवू लागतात.