साडेआठशे फेरे

मित्रांनो, मी एक जुनं डिझेल इंजिन आहे. जुनं म्हटल्यावर चेहरे पाडू नका, माझी तब्येत उत्तम आहे. मी दवाखान्याच्या पांढऱ्या गाडीत बसतो. ज्या वस्त्यांपासून दवाखाना लांब आहे, तिथे आम्ही दवाखानाच घेऊन जातो. चार सिलिंडर, ओतीव लोखंडाचं अंग आणि एकोणीस वर्षांची नोकरी. मला माघारी धाडणारा चढ अजून भेटायचा आहे.

गाडीच्या मागच्या भागात सिस्टरांचं टेबल आहे आणि त्यावर बाळांच्या वजनाचा काटा. दिवे आणि पंखा चालू राहावेत म्हणून गाडी उभी असतानाही मी हळूहळू फिरत राहतो. गॅरेजवाले याला आयडलिंग म्हणतात. आमचे ड्रायव्हर, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांना माझ्या आयडलिंगचा फार अभिमान. माझ्या अंगावर एक छोटा स्क्रू आहे. तो पिळला की उभ्या गाडीत मी किती वेगाने फिरायचं ते ठरतं. पहिल्याच वर्षी काकांनी तो थोडा पिळून वेग वाढवून पाहिला होता. तेव्हा काट्याची सुई थरथरू लागली. लगेच त्यांनी तो उलटा फिरवला आणि मला मिनिटाला सहाशे फेऱ्यांवर आणून ठेवलं. सुई शांत झाली. त्या दिवसापासून त्या स्क्रूला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती.

मग गाडीत फ्रिज आला. आधी लसी बर्फाच्या पेटीत असायच्या. फ्रिजला वीज जास्त लागते, म्हणून माझा जुना अल्टरनेटर काढून मोठा बसवला. अल्टरनेटर म्हणजे पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारं यंत्र. पण वीज फुकट मिळत नाही, मित्रांनो. जितकी जास्त मागाल तितका अल्टरनेटर फिरायला जड होतो. आणि त्याला फिरवतो कोण? मीच.

पहिल्याच दिवशी, खाणीवरच्या वस्तीत, फ्रिजची मोटर चालू झाली आणि पाठीवर कुणीतरी भरलेलं पोतं टाकावं तसं मला झालं. सहाशेवरून मी साडेचारशेवर आलो. दिवे मंदावले, अंगात हुडहुडी भरली आणि मी बंद पडलो. सगळ्या आयांसमोर! काकांनी मला पुन्हा चालू केलं, मी पुन्हा बंद पडलो. दुपारपर्यंत फ्रिज कोमट झाला आणि त्या दिवसाच्या सगळ्या लसी टाकून द्याव्या लागल्या.

ऑफिसातून निरोप आला, की खाणीच्या पुढच्या फेरीतही असं झालं तर तिथे गाडी जाणार नाही, तिथल्या आयांनी बाळांना घेऊन शहरात यावं. मी तो रस्ता नेहमी तुडवतो. बाळ कडेवर घेऊन चालायचं तर जायलाच अर्धा दिवस लागेल. किती जणी येतील, हे सांगायला इंजिन कशाला हवं?

अल्टरनेटर बसवणारा मिस्त्री काकांचा मेव्हणाच. काकांनी गॅरेजात शिरताशिरता तोंड सोडलं, "मेव्हण्याने दिलेली वस्तू! दुसरं काय होणार?"

"बहीणही आम्हीच दिली होती दाजी. तिच्याबद्दल तक्रार नाही ना?"

"ते घरी विचार, इथे नको."

मिस्त्रीने डिझेलचा फिल्टर बदलला, पट्टा ताणून बसवला, बॉडीला जोडलेली तार घासून घट्ट केली. अल्टरनेटर तपासला, तो ठणठणीत. मग स्क्रू फिरवून माझा वेग साडेआठशे केला. मी सुटकेचा श्वास घेतला. पण दोनच दिवसांत दुसऱ्या एका वस्तीत बंद पडून मी पुन्हा गॅरेजात होतो. मिस्त्रीने पुन्हा सगळं केलं. पुन्हा तेच. मला कारण माहीत होतं, पण इंजिनाला धूर सोडता येतो, चुगली करता येत नाही.

तिसऱ्या वेळी मिस्त्रीने स्क्रूवर आणि त्याच्या शेजारी मिळून रंगाची एक सरळ पांढरी रेघ मारली. दुसऱ्या सकाळी खाणीवर निघण्याआधी त्याने बोनेट उघडलं. रेघ मधोमध तुटली होती.

"दाजी, ही रेघ कुणी फिरवली? उंदराने?"

काका रुमालाने आरसा पुसू लागले. सिस्टर बघत होत्या. "काका, आरसा स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या.

"मीच फिरवली," काका शेवटी म्हणाले. "आवाज वाढला की सुई थरथरते. बाळाचं वजन पावशेराने चुकलं तर? अशक्त बाळ धडधाकट म्हणून लिहिलं जाईल."

मिस्त्रीची थट्टा तिथेच थांबली. "मग भांडायचं कशाला? बघूनच घेऊ."

सिस्टरांनी काट्यावर पाच किलोचं वजन ठेवलं आणि आधी फ्रिज बंदच ठेवला. सहाशेला सुई शांत होती. मिस्त्रीने स्क्रू पिळला. सातशेला सुई नाचायलाच लागली.

"बघ! म्हटलं होतं ना!" काका ओरडले.

"तुम्ही इथूनच परत फिरला होतात, दाजी. आज थोडं पुढे चला."

साडेसातशे. आठशे. साडेआठशे. सुई पाचवर येऊन गप्प उभी राहिली, आणि फ्रिज चालू केल्यावरही तिथून हलली नाही. सिस्टर वाकून बघत राहिल्या, मग बोट दाखवून नुसत्या हसल्या. प्रत्येक गाडीत एक वेग असा असतो, ज्याला तिचं सगळं अंग साथ देऊन थरथरतं. माझा तो सातशेच्या आसपास आहे. त्याच्यापुढे गेलो की मी शांत असतो, आणि तेवढ्या वेगात अल्टरनेटरलाही पुरेशी वीज देता येते. काकांना एकोणीस वर्षांपूर्वी दिसलं ते खरंच होतं, फक्त अर्धं होतं.

"पोरा, रेघ नव्याने मार," काका म्हणाले. "आणि जाड मार."

त्या दिवशी खाणीवर फ्रिजची मोटर सात वेळा चालू झाली. सातही वेळा मी किंचित दबलो आणि लगेच सावरलो. अकरा बाळांना सुई टोचली आणि अकराही बाळं अशी खणखणीत रडली, की माझा आवाज कुणाला ऐकूच आला नाही.

मित्रांनो, घरात कुणावर नवं काम टाकलं आणि ते माणूस धापा टाकू लागलं, तर त्याला म्हातारं ठरवू नका. त्याला लागेल तेवढा श्वास आपण दिला आहे का, ते आधी पाहा. मला तो मिळाला. खाणीवर आजही गाडीच जाते, आणि तिथल्या बाया घरूनच माझा आवाज ओळखून बाळांना टोपडी घालायला घेतात.