खिडकीखालचा पंप

मित्रांनो, मी एक जुना, जळालेला पंप आहे. विहिरीच्या कडेला, घराच्या मागच्या खिडकीखाली माझी जागा. कारखान्यातून निघालो तेव्हा माझा निळा रंग नुसता चमकत होता. आता माझ्या अंगावरून मुंग्या बिनदिक्कत फिरतात.

या घरातल्या बाबांनी मला आणलं. त्यांचा जन्म गाड्या दुरुस्त करण्यात गेला. टाकीत पाणी चढवणं एवढंच तेव्हा माझं काम होतं. मग आईंनी अंथरूण धरलं. त्यांना तेवढाच विरंगुळा म्हणून बाबांनी पलंग खिडकीशी सरकवला, समोर हिरवळ लावली आणि चार फवारे बसवले. फवारे गरगर फिरू लागले की आई हसायच्या. "पंपाने आज चांगलाच जोर धरलाय हं," असं त्या एकदा म्हणाल्या आणि मी हुरळून गेलो. लोखंड झालं म्हणून काय, कौतुक कुणाला नको असतं?

त्या उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला. पाणी खाली गेलं की मला आपोआप बंद करणारा एक स्विच पंपवाल्याने बसवून दिला होता. तो मला सारखा थांबवू लागला. हिरवळ कडेने पिवळी पडली. गवत वाळलं तर हिचा धीर सुटेल, या भीतीने बाबांना पछाडलं. त्यांनी पक्कड घेतली, तो स्विच काढून टाकला आणि तारा थेट जोडल्या.

"बाबा, पंपवाल्याला विचारा तरी," मुलगी म्हणाली.

"त्याला काय विचारायचं? मला काय यंत्रं कळत नाहीत?"

माझी तहान मात्र त्यांना कळली नाही. पाणी संपलं, तरी मी हवा ओढत राहिलो. तापलो, किंचाळलो. फवाऱ्यांनी दोन-चार थेंब थुंकले आणि मान टाकली. मग माझ्या पोटातून धूर निघाला.

त्यानंतर बाबा रस्त्यावरच्या नळावरून बादल्या आणून गवत भिजवू लागले. खिडकीतून आईंचा बारीक आवाज यायचा, "अहो, राहू द्या ते गवत. जरा माझ्याजवळ बसा."

"आलोच. एवढा कोपरा भिजवतो."

कोपरे काही संपले नाहीत. एका दुपारी मुलीची हाक आली, "बाबा, लवकर या! आई बघा कशी करतेय!" बादली टाकून ते धावले. ते आत पोहोचण्याआधीच मुलीचा हंबरडा मी ऐकला.

आता हिरवळ नाही. बाबा अधूनमधून माझ्या शेजारी खिडकीकडे पाठ करून बसतात. मला त्यांचा राग येतो आणि कीवही येते.

मित्रांनो, यंत्राला वेळीच थांबवणारी वस्तू कुणीतरी विचार करूनच बसवलेली असते, ती काढू नका. माझं सोडा, पंप दुसरा मिळेल. पण आतून कुणी "जरा बसा" म्हणालं, तर आधी जाऊन बसा. गवत वाळलं तरी चालेल.