प्यो मानसुच्या हातचा रांजण

मित्रांनो, मी मातीचा रांजण आहे आणि आता माझे बरेच वय झाले आहे. कोरियाच्या दक्षिणेला, उल्सान शहराबाहेर, कुंभारांची एक वस्ती होती. तिथे प्यो मानसु नावाच्या कुंभाराने मला घडवले. चिखलाच्या जाड वळकट्या एकावर एक चढवायच्या, आतून लाकडी ठोकळ्याचा आधार द्यायचा आणि बाहेरून फळीने थापटायचे. असे करत करत त्याने माझे पोट पैलवानासारखे गरगरीत केले. मग राख आणि माती कालवून केलेला लेप मला दिला, आणि लेप ओला असतानाच चार बोटे माझ्या अंगावरून झरकन फिरवली. वाऱ्याने गवताची पाती वाकावीत तशा रेघा उमटल्या. कुठली रेघ कशी वाकावी, हे त्याने ठरवले नव्हते. हात गेला तसा गेला.

भट्टी टेकडीच्या उतारावर अजगरासारखी पसरलेली होती. तिच्यात आम्ही पुष्कळ जण शिरलो. सगळे धड बाहेर आलो नाही. मी निवल्यावर मानसुने मला टिचकी मारली, कान लावला आणि मुलीला हाक मारली.

“ओकबुन, हा ऐक. हा श्वास घेतोय. पाणी बाहेर सोडणार नाही, पण हवा आत घेईल. हा तुझ्या लग्नात तुझ्याबरोबर जाणार.”

“बाबा, लोक मुलीला रेशमी कपडे देतात आणि तुम्ही मडकं देणार?”

“रेशीम कुजतं गं. हा तुझ्या नातवंडांना जेवू घालील.”

मित्रांनो, मला तेव्हा फार अभिमान वाटला. पण ओकबुनचे लग्न ठरण्याआधीच आमच्यावर संकट आले. काही कुंभारांनी रांजण आरशासारखे चमकावेत म्हणून लेपात शिसे घालायला सुरुवात केली होती. ते अन्नात उतरते, अशी बातमी रेडिओवर आली. मानसुच्या लेपात शिशाचा कणही नव्हता. पण लोकांना सगळे रांजण सारखेच! वर्षानुवर्षे त्याच्याकडून भांडी नेणाऱ्या बायका ती परत घेऊन आल्या आणि त्याच्या फाटकापाशी फोडून गेल्या.

एका बाजाराच्या दिवशी मानसुने मला हातगाडीवर चढवले. भर चौकात माझ्यात पाणी ओतले आणि ओंजळीने घटाघटा प्यायला.

“विष असतं, तर मी इथंच आडवा झालो असतो! बघा की!” तो ओरडला.

गर्दीतली एक बाई शांतपणे म्हणाली, “चार घोट पिऊन दाखवणं सोपं असतं, बाबा. आमच्या पोरांना वर्षभर त्यातलं खायचंय.”

 त्याने मला तिरके करून उरलेले पाणी रस्त्यावर सोडले आणि घरी आणले. त्या हिवाळ्यात भट्टी पेटली नाही. पुढच्याही नाही. एका कारखान्याच्या फाटकावर तो पहारेकरी म्हणून बसू लागला. ओकबुन त्याला डबा द्यायला जाई आणि परत येऊन आईला सांगे, “नुसते बसलेले असतात गं. हात मांडीवर, आणि बोटं सारखी हलत असतात.” तिसऱ्या वर्षी तो खुर्चीत बसल्या बसल्याच गेला. मी मात्र ठरल्याप्रमाणे ओकबुनबरोबर तिच्या सासरी गेलो.

तिथे माझी खरी चाकरी सुरू झाली. दर वसंतात ओकबुन माझ्यात शिजवून ठेचलेल्या सोयाबीनच्या वाळक्या लाद्या आणि मिठाचे पाणी घाली. वर कोळशाचा तुकडा आणि लाल मिरच्या तरंगत. ऊन पडले की ती झाकण काढी, ढग आले की धावत येऊन लावी. त्यातून सोयाचा काळाभोर, उग्र वासाचा रस तयार होई. तो ती कधीच पूर्ण संपवत नसे. दह्याला विरजण ठेवतात ना, तसा जुना थोडा रस तळाशी राखून त्यावर नवा ओती. नवरा वारला, घर विकले, ती मुलगा तेगोनबरोबर नवव्या मजल्यावर राहायला आली, तरी तो रस तुटला नाही. आता मी गॅलरीत उभा होतो.

खालच्या मजल्यावरची बाई एकदा तावातावाने वर आली. “तेगोनच्या आई, मेलेल्या उंदराचा वास येतोय म्हणून आमच्या सुनेनं अख्खं कपाट उपसलं!”

“मग सापडला का उंदीर?”

“नाही ना!”

“तो माझ्याकडं आहे. बसा, त्याचंच कालवण केलंय.”

ती बाई कुरकुरत बसली, दोन वाट्या कालवण प्यायली आणि जाताना बाटलीभर रस घेऊन गेली.

ओकबुनचा मुलगा तेगोन वस्तूंचे आराखडे करायचा. केटल, दिवे, खुर्च्या. आजोबांना त्याने पाहिले नव्हते, पण माझ्याजवळ बसून तो तासन्‌तास चित्रे काढी. त्याच्या मनात एक गोष्ट आली होती. विजेशिवाय भाजी ताजी ठेवणारी मातीची पेटी करायची. माझ्यासारखे पोट, माझ्यासारखी श्वास घेणारी भिंत. एका मोठ्या कंपनीने होकार दिला. अडचण एकच होती. तो आईसमोर गुडघे टेकून बसला.

“आई, भिंत कुठं जाड, कुठं पातळ, आत कण कसे बसलेत, हे कळायला रांजण मधोमध कापावा लागेल.”

“तुझं डोकं ठिकाणावर आहे का? दुसरा काप. बाजारात पडलेत ढिगानं.”

“साच्यातले आहेत गं ते. आजोबांसारखं हातानं थापटणारं आता कोण उरलंय? त्यांच्याबरोबर सगळं गेलं. याच्या भिंतीतच तेवढं शिल्लक आहे.”

 मग तिने एकच विचारले, “खरी माती असेल ना?”

“खरी माती, आई.”

“श्वास घेईल?”

“घेईल.”

“मग काप. लोकांनी फाटकापाशी फोडलेली भांडी पुन्हा घराघरांत जाणार असतील, तर माझ्या बापाला चालेल.”

तिने रस बाटल्यांत भरून घेतला. शेवटचा थर ओगराळ्याने खरवडला आणि मला आतून कोमट पाण्याने धुतले, अंघोळ घालावी तसे. मग करवत आली. मित्रांनो, त्या आवाजाबद्दल मी सांगणार नाही. माझा अर्धा भाग सरळ कापला गेला. दुसऱ्या भागाचे करवतीच्या धक्क्याने तुकडे झाले. ते एका खोक्यात भरून नेले. त्यांचे काय झाले, मला ठाऊक नाही.

वर्षभराने भाजीच्या पेटीला मोठे बक्षीस मिळाले. प्रदर्शनात पेटी उंच चौथऱ्यावर ठेवली आणि शेजारी मला, ‘प्रेरणा’ अशा पाटीखाली. लोक आमचे फोटो घेत होते. ओकबुन नवा पोशाख घालून आली. तिने पेटीवरून हात फिरवला. मानसुच्या बोटांच्या त्या चार रेघा पेटीवर होत्या, पण छापलेल्या. मांडून ठेवलेल्या सगळ्या पेट्यांवर अगदी सारख्या. मग तिने टिचकी मारली.

“तेगोन, हे प्लास्टिक आहे.”

तो खाली बघत राहिला. “माती फुटते म्हणाले कंपनीवाले, आई. पाठवताना फार तुटफूट होते. मी भांडलो गं त्यांच्याशी. दोन महिने भांडलो.”

“आणि मग?”

“मग सही केली.”

 ती माझ्याकडे आली आणि दोरी ओलांडून माझ्या उघड्या पोटात तळवा टेकवला. पहारेकरी धावत आला. “आजी, हात लावू नका. ती कलावस्तू आहे.”

“हो का?” ती म्हणाली. “माझ्या घरी होता तेव्हा रांजण होता.”

प्रदर्शन संपल्यावर मला कायमचे संग्रहालयात ठेवले. तिथे ती कधी आली नाही. बाटल्यांतला रस त्या उन्हाळ्यात बुरसला आणि तिने तो मोरीत ओतून दिला, हे मला तेगोनमुळे कळले. तो सुट्टीच्या दिवशी येतो, समोरच्या बाकावर बसतो. बरोबर कुणी असले, तर हे सगळे सांगतो आणि शेवटी म्हणतो, “आई अजून माझ्याशी नीट बोलत नाही.” मला त्याचा राग येत नाही. त्याने मला जितके निरखून पाहिले, तितके दुसऱ्या कुणीच पाहिले नव्हते.

मित्रांनो, इथे मला कुणी लाथ मारत नाही. धूळ रोज पुसली जाते, अंगावर दिवा असतो. तरी माझ्यात आता पाण्याचा एक थेंबही राहणार नाही. म्हणून एक मागणे आहे. तुमच्या घरी मातीचे एखादे भांडे असेल, तर ते कौतुकाने काचेच्या कपाटात ठेवू नका. त्यात पाणी भरा, लोणचे घाला, दही लावा. वापरता वापरता ते एक दिवस हातून निसटेल आणि फुटेल. फुटू द्या. त्या दिवशी त्यात काहीतरी भरलेले असेल, आणि ते सांडले म्हणून घरातले कुणीतरी हळहळेल.